इन्व्हर्टेज शिकायचंय? आधी पऱ्हाटीकडे बघा

बीएस्सी ॲग्री करून प्लांट फिजिऑलॉजीत एमएस्सीला आलेले गावाकडचे ज्युनिअर विचारतात, भाऊ इन्व्हर्टेज (साखर तोडणारं एन्झाइम) कुठून सुरू करू. राजेहो, पहिले एवढं घ्या की पानात बनलेली साखर बहुतेक पिकांत सुक्रोज म्हणून फ्लोएममधून, म्हणजे झाडाच्या अन्न वाहणाऱ्या नळ्यांतून जाते, अन् बोंडात नाहीतर दाण्यात उतरली की तिला तोडावंच लागतं. तोडणारे दोन, इन्व्हर्टेज न सुक्रोज सिंथेज. इन्व्हर्टेज पाणी वापरून ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटे करतं, परत जोडत नाही. सिंथेज उलटंही चालतं, अन् तोडताना यूडीपी-ग्लुकोज (जोडायला तयार असलेला ग्लुकोज) देतं जे पेशीभित्तीच्या सेल्युलोजसाठी लागतं.

आता पऱ्हाटी घ्या. कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी, फूल उमलतं त्याच सुमारास ती सरकीच्या सालीवर वर यायला लागते. व्हॅक्युओलमधल्या (पेशीच्या आतल्या पाण्याच्या पिशवीतल्या) इन्व्हर्टेजनं एका सुक्रोजचे दोन रेणू केले की आतला ऑस्मोटिक दाब वाढतो, पाणी आत ओढलं जातं, धागा लांबतो. 2003 मध्ये कापसात सुक्रोज सिंथेजचा जीन दाबून पाहिला तर धागा निघणं अन् लांबणं दोन्ही अडलं, सरकीही नीट भरली नाही. मक्यात मिनिएचर-1 म्युटंटला (जीन बिघडलेल्या वाणाला) दाण्यातलं पेशीभित्तीवालं इन्व्हर्टेज नसतं, तर दाण्याचं वजन पाचव्या हिश्शावर येतं. परीक्षेला हे दोन दाखले पक्के असले की नुसत्या व्याख्या घोकणाऱ्याच्या पुढं जाता.

लॅबमध्ये खरी गंमत. पोट्टे कुटलेलं बोंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पाणी ठेवतात न खालचा गाळ बेसिनमध्ये, अन् पेशीभित्तीचं इन्व्हर्टेज तर त्या गाळालाच चिकटलेलं असतं, ते 1 मोलर मिठाच्या द्रावणानं सोडवून घ्यायचं. वरच्या पाण्यात व्हॅक्युओलचं मिळतं पीएच 5 च्या आसपास, सायटोप्लाझमचं 7 ते 7.5 ला, म्हणून बफर, म्हणजे पीएच कायम ठेवणारी द्रावणं, दोन लागतात. बोंडाचा रस फिनॉलमुळं लगेच काळा पडतो, फिनॉल धरून ठेवणारी पीव्हीपी पावडर टाकाच. सॅम्पल शेतावरच बर्फात घाला, एसटीच्या भरवशावर तर अजिबातच राहू नका, आमच्या फाट्यावर ती कधी येईल हे ड्रायव्हरलाही माहीत नसते.

किती साखर तुटली ते रंगावरून मोजायची डीएनएस टेस्ट, तिला सुक्रोज रंग देत नाही, तुटलेली साखर देते, पण रसात आधीपासून असलेला ग्लुकोजही देतो, त्यामुळं उकळून मारलेल्या एन्झाइमचा ब्लँक (वजा करायची तुलनेची ट्यूब) प्रत्येक सॅम्पलसोबत लावायचा. रीडिंग 540 नॅनोमीटरला. स्टँडर्ड कर्व्हच्या (माहीत असलेल्या साखरेवरून काढलेल्या आलेखाच्या) वर गेलं तर एक्स्ट्रॅक्ट पातळ करून परत लावा, त्या एकाच ट्यूबमध्ये पाणी ओतून आकडा जमवू नका, गाइड लगेच ओळखतात.