गुडघ्यावर पाण्याची गाठ? आधी तेलाची बाटली बाजूला ठेवा

बर्सायटिसचा पेशंट आत आला की बरेचदा त्याच्याआधी तेलाचा वास येतो. गरम करून, दोन्ही अंगठ्यांनी दणकून रगडलेलं तेल. वीस वर्षं फिजिओथेरपी करतेय, तरी या चुकीवर माझं डोकं फिरतंच.

बर्सा म्हणजे हाडावर कातडी किंवा स्नायू घासू नयेत म्हणून मध्ये असलेली चपटी पिशवी, आत थेंबभर वंगण. घासून, दाबून ती चिडली की तिच्यात पाणी भरतं, तोच बर्सायटिस. घासल्यानेच सुजलेली पिशवी पुन्हा घासून बरी कशी होईल?

फरशी बसवणारे एक मिस्त्री आले होते. उजव्या वाटीवर लिंबाएवढा मऊ फुगा, पण गुडघा छान वाकत होता. म्हणजे दुखणं सांध्यातलं नाही, वरच्या पिशवीचं. मी सांगितलं, गुडघे टेकायचे नाहीत, आणि दिवसातून तीनदा फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ. आठवड्यात फुगा निम्मा झाला आणि मिस्त्री साइटवर. "मॅडम, हप्ता थांबत नाही." तेही खरंच. पण पुन्हा सुजल्यावर कुणीतरी ते चोळलं, वर घरच्या घरी सुई टोचून पाणी काढलं. चौथ्या दिवशी गुडघा लालभडक, हात लावला तर गरम, अंगात ताप. पिशवीत पू झाला होता. सर्जनने चीर देऊन साफ केलं, अँटिबायोटिक्स झाली, दीड महिना घरी बसले. लाली आणि ताप दिसला तर बर्फबिर्फ राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून "काही नाही" समजू नका. त्यात हाड दिसतं, पिशवी नाही.

अशी पिशवी खुब्याच्या बाजूलाही असते. तिथे दुखत असेल तर त्या कुशीवर झोपू नका. मी स्वतः दोन गुडघ्यांमध्ये उशी घेते. नवरा हसतो, हसू दे.

मेडिकलवाल्याला विचारून महिनाभर पेनकिलर? पोट आणि किडनी तुमची आहे, त्याची नाही. आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन कधी लागतंही, पण पहिल्याच दिवशी "मॅडम, सुई मारून टाका" म्हणणाऱ्यांना मी आधी पंधरा दिवस थांबवते.

मिस्त्रींना जाड नी-पॅड घ्यायला लावले होते. परवा दिसले, उजव्या गुडघ्यालाच होता. डावा हेल्परला दिला म्हणे.