ट्रायथलॉन: पाण्यातली धास्ती आणि पळतानाचा निर्धार

पूर्ण अंतराची ट्रायथलॉन म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटर पळणं. बहुतेक स्पर्धांत त्यासाठी साधारण 17 तास मिळतात. आकडे वाचूनच धडकी भरते, पण भल्याभल्यांची गाळण उडते ती पहिल्या दोनशे-तीनशे मीटरांत.

तरणतलावात तासभर आरामात पोहणारासुद्धा खुल्या पाण्यात धापा टाकू लागतो. गार पाणी अंगाला लागलं की श्वास आपोआप आत खेचला जातो आणि भराभर चालू लागतो. हा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो, पण तेवढ्यात शेजाऱ्याचा हात डोक्यावर बसतो, तळ दिसत नाही आणि माणूस श्वास कोंडून धरतो. कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यानेच गुदमरल्यासारखं वाटतं. म्हणून हवा ओढायच्या मागे लागू नका, आधी सोडा. तोंड पाण्यात आहे तोवर बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत.

बरीचशी घबराट वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब राखणारा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, नीट न चढवल्यामुळे असते. जांघेत पोकळी राहिली की सगळा ताण खांद्यांवर आणि छातीवर येतो. घोट्यापासून थोडा थोडा वर सरकवा, नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी. पाण्यात उतरल्यावर कॉलर ओढून थोडं पाणी आत घ्या आणि सुरुवातीआधी चेहरा चार-पाच वेळा बुडवा. गर्दीची भीती असेल तर कडेला, मागे उभे राहा. वाया जाणारी वीस सेकंदं या अंतरात कुणी मोजत नाही.

तरीही घाबरलात तर पाठीवर वळा. कान पाण्यात, छाती वर. चार आकडे मोजत श्वास सोडा, असं सहा वेळा. मग ब्रेस्टस्ट्रोकचे दहा हात, मग फ्रीस्टाइल. हात उंचावला की बचावपथकाची कयाक (छोटी वल्ह्याची होडी) येते. तिला धरून थांबणं बहुतेक स्पर्धांत चालतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

हे सगळं आधी अंगवळणी पडायला हवं. एका लेनमध्ये तिघं-चौघं शेजारी शेजारी पोहा, गॉगलमध्ये मुद्दाम पाणी भरून शंभर मीटर काढा. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून दिशा बघा. अख्खं डोकं उचललंत की पाय बुडतात. खुल्या पाण्यात सराव मात्र एकट्याने कधीच नको.

छातीत दुखणं, खोकताना गुलाबी फेस येणं, थांबूनही न बसणारी धाप, यांना नुसती भीती समजू नका. फुप्फुसात पाणी साचत असू शकतं, हृदयाचा त्रासही असू शकतो. लगेच बाहेर पडा.

सायकलवर पंक्चरची धास्ती घरीच संपवता येते: ट्यूब बदलायचा सराव करा आणि नवी घालण्याआधी टायर आतून बोटांनी चाचपा. काच तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही जाते. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

पळतानाचा निर्धार बराचसा सायकलवरच कमावला किंवा घालवला जातो. पहिला तास जोरात मारला आणि खायला विसरलात, तर पळताना 30व्या किलोमीटरला मनोबल शोधून सापडत नाही. तासाला 60 ते 90 ग्रॅम कार्बोहायड्रेट हवं, आणि तेवढं पचवायची सवय पोटाला महिनोन् महिने आधी लावावी लागते. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजणं, मळमळ, डोकं ठणकणं ही त्याची लक्षणं.

दमलेल्या डोक्याला नवे निर्णय झेपत नाहीत; ते आदल्या दिवशीच कागदावर घ्या. पोट ढवळलं तर एक किलोमीटर चालायचं, पंधरा-वीस मिनिटं जेल (ऊर्जेसाठी खायचा गोड, घट्ट पाक) बंद, पाण्याचे फक्त घोट. पेटके आले तर वेग कमी, स्नायू हळूहळू ताणायचा. प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी चालायचं आणि टेबल संपलं की पळायचं, अंगात कितीही बळ असलं किंवा नसलं तरी. सोडून द्यावंसं वाटलं तर खुर्चीत बसून किंवा चढावर ठरवायचं नाही. आधी काही खा, दहा मिनिटं चाला, मग पुन्हा विचार करा. तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल, तर मात्र स्वयंसेवकाला सांगा आणि पुढचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.