चढावर गाडी लावताना हँडब्रेक ओढल्यावरही ती सरकते?

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर किंवा रामटेकच्या गडावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, पाय काढला की गाडी दोन-चार इंच सरकून थांबते. ब्रेकमधली थोडी ढिलाई भरून निघते, एवढंच. पण आधीच गिअर टाकलेला असेल तर सगळा भार गिअरवर येतो. ऑटोमॅटिक गाडीत तर नंतर पी (पार्क) मधून गिअरची लिव्हर काढताना जोराचा झटका बसतो. म्हणून क्रम बदला:

१. पायाचा ब्रेक दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणा.
२. हँडब्रेक पूर्ण ओढा.
३. पाय हळूहळू उचला, गाडीला काय सरकायचं ते सरकू द्या.
४. ती स्थिरावली की पुन्हा ब्रेक दाबून गिअर टाका. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकमध्ये पी.

उताराकडे तोंड असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे वळवून ठेवा. मी मागच्या चाकाला दगडही लावतो, फक्त निघताना तो आठवणीनं उचलावा, मागून दुचाकी येत असतात.

मात्र गाडी सरकतच राहिली, किंवा हँडब्रेकची लिव्हर पूर्वीपेक्षा बरीच वर येऊ लागली, तर मेकॅनिककडून केबल आणि मागचे ब्रेक लगेच तपासून घ्या.