पॉइंट टू-टू बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेताय? या चुका टाळा

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी करण्याच्या स्पर्धेचं) ब्राँझ जिंकलं आणि आमच्या रेंजवर चौकशीचे फोन सुरू झाले. त्याच महिन्याच्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं. फ्रिज, स्कूटर, गाद्या, सगळ्याच्या नुकसानीचा हिशेब घरोघरी झाला. कपाटात उभ्या असलेल्या रायफलींचा कुणी केला नाही.

त्यातली एक पुढच्या वर्षी आमच्याकडे आली. एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलगी, एअर रायफलवर पक्की झालेली, परवाना हातात. वडिलांनी पै पै जोडून जुनी चेक बनावटीची .२२ घेऊन दिली होती. निळसर काळी नळी, चकचकीत अक्रोडी दस्ता, बघत राहावं अशी. वाळूच्या पिशवीवर टेकवून तिने पाच गोळ्या मारल्या. तीन एका जागी, दोन बोटभर वर. पुन्हा पाच मारल्या, पुन्हा तसेच दोन झुबके. वडील हळूच म्हणाले, "बाळा, श्वास चुकतोय तुझा."

श्वास चुकत नव्हता. मी दस्त्याचे स्क्रू सोडून नळी उचलली. लाकडाखाली, एरवी दिसत नाही त्या भागात गंजाने खाल्लेले खड्डे होते. दस्ता पाण्याने फुगून नळीला एका बाजूने टेकला होता. वर दिसत होतं ते विकण्याआधी चढवलेलं नवं ब्लुइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा मुलामा. त्या मुलीचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे लिहितोय.

ब्रँड विचारता, ग्रुप विचारत नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. ग्रुप म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा टार्गेटवरचा पसारा. अचूक रायफल म्हणजे काय, हे आधी आकड्यात समजून घ्या. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि तिची कड रेषेला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटर सरकला तरी चालतो. आता रायफलच टेकूवरून १६ मिलिमीटरचा ग्रुप देत असेल, तर तुमच्या हाताच्या, श्वासाच्या, वाऱ्याच्या चुकीला जागाच उरत नाही. १० मिलिमीटरच्या आसपास देणारी असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर तुमचे. स्पर्धेत हे ३ मिलिमीटर फार असतात.

म्हणून विकणाऱ्याने दाखवलेला तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप बघून पैसे देऊ नका. तीन गोळ्या नशिबानेही एकत्र येतात. पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप मारा. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, ५.६ वजा करा आणि पाचही आकड्यांची सरासरी काढा. वाईट ग्रुप "तो माझाच हात हलला" म्हणून बाजूला टाकायचा नाही. हात खरंच हलला असेल तर गोळी सुटताच, टार्गेट बघण्याआधी तसं सांगायचं.

नावांचं म्हणाल तर जुनी ब्रनो मॉडेल टू, तिचीच परंपरा चालवणाऱ्या सीझेड ४५२, ४५५, ४५७, सॅव्हेज मार्क टू, अँशुट्झच्या जुन्या मॅच रायफली, सगळ्या चांगल्या. पण चांगल्या वंशातली खराब नळी मी पाहिली आहे आणि साध्या दस्त्यातली उत्तम नळीही. परदेशातून थेट मागवण्याची सवलत राष्ट्रीय रायफल संघटनेचा दर्जा मिळालेल्या खेळाडूंसाठी आहे. मध्यम बजेटच्या नवख्याच्या वाट्याला बहुधा देशी किंवा वापरलेली रायफल येते. त्यामुळे तपासणी आपल्यालाच करता आली पाहिजे. (ही संघटना १९५१ साली उभी करणारे लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर जन्माने बडोद्याचे, हे इथल्या किती मुलांना ठाऊक आहे कोण जाणे.)

दस्त्याच्या आत बघत नाही

वापरलेली रायफल दस्त्यातून काढून दाखवायला मालक तयार नसेल, तर सौदा तिथेच सोडा. मॅगझिन काढून, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून मगच पुढे जा. नळी मोकळी तरंगती, म्हणजे दस्त्याला न टेकणारी असेल तर वहीच्या कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून पुढून मागे सरकवा. अ‍ॅक्शनजवळ येईपर्यंत ती कुठेही अडकता कामा नये. अडकली, तर पावसाळ्यात एक ग्रुप आणि मे महिन्यात दुसरा, असं होणार. काही जुन्या रायफलींत नळी मुद्दाम टेकवलेली असते, त्यांत निदान दोन्ही बाजूंचा दाब सारखा हवा.

मग बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) काढा आणि मागून उजेडाकडे नळी धरून आत बघा. .२२ ची नळी गोळ्यांनी सहसा झिजत नाही, चुकीच्या साफसफाईने झिजते. आपल्याकडे वर्षानुवर्षं लोखंडी गज पुढून, तोंडातून घालून नळ्या साफ केल्या गेल्या. त्या घासण्याने नळीच्या तोंडाची कड एका बाजूने खाल्ली जाते आणि गोळी सुटता सुटता तिला मागून वाकडा धक्का बसतो. भिंग घ्या आणि तोंडाशी प्रत्येक आटा (नळीच्या आतली पिळदार धार) टोकापर्यंत धारदार आहे का बघा. बोल्ट अ‍ॅक्शनचा फायदाच हा, की बोल्ट काढून मागून साफ करता येते. तो फायदा आधीच्या मालकाने घेतला होता की नाही, हे ती कड सांगते.

चेंबरच्या काठावर, फायरिंग पिन पडते तिथे, नखाला लागेल असा खळगा आहे का तेही बघा. रिकाम्या रायफलीचा खटका पुन्हा पुन्हा ओढला की काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते. खळग्यामुळे काठ आत दबतो, काडतूस अडकतं, पुंगळी निघत नाही. सरावासाठी प्लास्टिकची डमी काडतुसं वापरा.

सगळे पैसे रायफलीत घालता

रिमफायरची (पिन काठावर आपटून पेटणारी, .२२ ची) काडतुसं घरी पुन्हा भरता येत नाहीत, कारखान्यातून आली तशी वापरावी लागतात. आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. एका रायफलीत इली उत्तम चालेल, शेजारच्या तशाच रायफलीत एस. के. किंवा आर. डब्ल्यू. एस. तिच्यापुढे जाईल. इतकंच काय, एकाच नावाच्या खोक्यात लॉट नंबर बदलला की ग्रुप बदलतो. कारण साधं आहे. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तरी ५० मीटरवर गोळी साधारण सात-आठ मिलिमीटर वर-खाली जाते. म्हणून बजेटचा निदान चौथा हिस्सा काडतुसांच्या चाचणीसाठी राखून ठेवा. काडतुसांचा ब्रँड बदलल्यावर पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मोजू नका. नळीत आधीच्या गोळ्यांचं वंगण असतं, ते बदलायला तेवढ्या लागतात.

"जास्त वेगाची द्या" असंही मागू नका. स्टँडर्ड काडतुसाची गोळी सेकंदाला ३२५ ते ३३० मीटरने निघते, आवाजाच्या वेगाच्या आतच. हाय व्हेलॉसिटीची ३८० च्या आसपास निघते आणि टार्गेटपर्यंत जाताना आवाजाच्या वेगाखाली उतरते. त्या उतरण्यात ती डळमळते, शिवाय वाराही तिला जास्त ढकलतो. आणि .२२ मॅग्नम स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. ५० मीटरच्या स्पर्धा लाँग रायफल काडतुसाच्याच आहेत.

दुर्बीण

५० मीटर रायफल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. स्पर्धाच खेळायची असेल तर तो पैसा चांगल्या पीप साइटला (बारीक छिद्रातून नेम धरायच्या साइटला) द्या. चाचणीपुरती लावली तर पॅरॅलॅक्स तपासा. रायफल पक्की टेकवून डोळा थोडा डावीकडे-उजवीकडे न्या. क्रॉस टार्गेटवर सरकताना दिसला, तर दुर्बीण लांबच्या अंतरासाठी बांधलेली आहे.

कागद नंतर, पैसे आधी

हे करूच नका. आधी परवाना, मग बयाणा. खाजगी मालकाकडून घेताना, विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जावे लागतात, असं शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ सांगतं. रायफलीवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी आकडा-आकडा जुळवा. बोल्टवर नंबर असेल तर तोही जुळवा. बदललेला बोल्ट म्हणजे बदललेलं हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाच्या काठासाठी असलेली जागा. आणि परवान्याची घाई नसेल तर एअर रायफलवर अजून एक वर्ष काढा. ४.५ मिलिमीटर बोअरच्या, २० जूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही.

घेतली, पण ग्रुप येत नाही

दोन झुबके पडत असतील तर आधी दस्त्याचे स्क्रू बघा. आळीपाळीने, थोडे थोडे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीने आवळा. मग साइटचे स्क्रू. मग कागदाची पट्टी. गोळ्या उभ्या रेषेत पसरत असतील तर लॉट बदलून बघा. तरी तसंच असेल तर रिकाम्या पुंगळ्या गोळा करून पिनेचे ठसे एकमेकांशेजारी ठेवा. ठसे उथळ किंवा कमी-जास्त असतील तर स्प्रिंग थकली आहे किंवा बोल्टमध्ये जुनं ग्रीस गोठलं आहे. आडव्या पसरत असतील तर वारा आणि खटक्यावरचं बोट, याच क्रमाने. पहिलीच गोळी दर वेळी वेगळी जात असेल तर ते गार नळीचं वागणं समजा. दोन गोळ्या बाजूच्या साइटिंग टार्गेटवर मारून मग सुरू करा. आणि दर रविवारी ब्रशने नळी खरवडू नका. चेंबरपुढे साचणारी कार्बनची कडी काढा, बाकी नळीला चांगली चालत असेपर्यंत जास्त त्रास देऊ नका. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात मात्र बाहेरून हलकं तेल, आणि कपड्याच्या खोळीत रायफल कधीही ठेवू नका. खोळ ओल धरते.

त्या मुलीच्या रायफलीचा दस्ता आम्ही महिनाभर सावलीत वाळवला. सुताराने नळीची खाच मोकळी केली, आतून बाहेरून सीलर लावला. खड्डे बाहेरच होते, आतली नळी सुदैवाने शाबूत होती. चार प्रकारची काडतुसं मारून बघितली, तिसरी लागू पडली. पाच ग्रुपांची सरासरी १२ मिलिमीटर आली. त्या टार्गेटच्या मागे तिने तारीख आणि लॉट नंबर लिहिला, आणि त्याच लॉटची आणखी खोकी मिळतील का, हे विचारायला वडिलांना दुकानात पाठवलं.