जुन्या रिव्हॉल्व्हरचे सोळा आणे

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मी एकतीस वर्षं गेज घेऊन बसलो. तिथे काडतुसं बनतात, रिव्हॉल्व्हर नाही. पण हे गावाला कोण समजावणार? कुणाला लायसन मिळालं की तो संध्याकाळी सावद्याला माझ्या ओट्यावर हजर. "आप्पा, जुनं मिळतंय. एवढे मागतोय. घेऊ का?"

गेल्या महिन्यात माझा रावेरचा भाचाच आला. केळीचा मोठा बागायतदार, मजुरांच्या पगाराची रोकड घेऊन रात्री-बेरात्री फिरणं, म्हणून लायसन. (बिबट्यासाठी म्हणून कुणी रिव्हॉल्व्हर घेत असेल तर ते पैसे चांगल्या बॅटरीवर घाला, भो.) चोपड्याकडच्या एका घरातलं कानपूरचं .३२, म्हणजे तिथल्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, त्याच्या मनात भरलं होतं. त्याच्याबरोबर ते बघायला गेलो, तेव्हा जे केलं तेच इथे लिहितो. माझं स्वतःचंही लायसन आहे आणि हत्यार दुकानातच, दुकानदारासमोर हाताळलं, हे आधीच सांगून ठेवतो.

केळीला बोर्डाचा, म्हणजे जाहीर केलेला भाव असतो. तो खरा किती मिळतो हा वेगळा विषय, पण निदान आकडा तरी समोर असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरला बोर्ड नाही. विकणारा सांगेल तो आकडा आणि तिथून खाली उतरायचं, असा सौदा बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. सुरुवात विकणाऱ्याच्या आकड्यापासून करायचीच नाही. आज नवं घेतलं तर करासकट किती पडेल, हे दुकानातून कागदावर लिहून घ्यायचं. ते सोळा आणे, म्हणजे एक आणा हा त्या नव्या किमतीचा सोळावा भाग. मग हत्यार बघत बघत आणे कापत जायचं.

कराचं मुद्दाम सांगतो, कारण विकणारे हल्ली तोच धागा पकडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. चोपड्याच्या घरातला मुलगा म्हणाला, "नवं महाग झालं, म्हणून आमचंही वाढलं." बरोबर आहे, पण किती? शंभराच्या मालाचे आधी १२८ व्हायचे, आता १४० होतात. म्हणजे वाढ शेकडा साडेनऊच्या आतली. त्याने तीस टक्के वाढवले होते. मी खिशातल्या डायरीवर हिशेब मांडून दाखवला, तेव्हा तो हसला आणि चहा मागवला.

नवं म्हणजे कुठलं, हेही ठरवून घ्या. कानपूरच्या साध्या .३२ ची तुलना साध्याशीच. २०१४ साली कानपूरलाच टायटॅनियम मिश्रधातूचं हलकं 'निर्भीक' १,२२,३६० रुपयांना निघालं, तेव्हा पेपरात त्याचीच चर्चा होती. काडतूस मात्र तेच .३२. साध्या पोलादी हत्याराला निर्भीकच्या आकड्याचा दाखला देणारे भेटतात, त्यांना डायरी दाखवायची.

भावाच्या आधी कागद. लायसनवर युनिक नंबर म्हणजे यूआयएन आहे का, हत्याराचा नंबर लायसनवरच्या नंबराशी अंकन् अंक जुळतो का, नंबर घासलेला किंवा नव्याने ठोकलेला दिसतो का, एवढं बघा. जुळलं नाही तर उठा. मग किती आणे कापायचे हा प्रश्नच उरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या चोपडा तालुक्यातून येतच असतात. असल्या मालाला भाव नसतो, कलम असतं.

एका लायसनदाराकडून थेट घेत असाल तर शस्त्र कायद्याचं कलम ५ लक्षात ठेवा. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. ही अडचण नाही, उलट आपल्या सोयीची गोष्ट आहे. "आजच टोकन द्या, दुसरा गिऱ्हाईक उभा आहे," असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारायचं, त्या दुसऱ्याचे पंचेचाळीस दिवस कधी सुरू झाले? शिवाय घेणारा लायसनदारच लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. गिऱ्हाईक मुळातच मोजके.

चोपड्याचं हत्यार वडिलांचं होतं. ते गेले. घरात दुसऱ्या कुणाकडे लायसन नाही, म्हणून कायद्याप्रमाणे ते परवानाधारक दुकानात जमा केलेलं. जमा ठेवायचं भाडं महिन्यागणिक चढत होतं. दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "अडलेली पार्टी आहे, आठ आण्यांत पण देईल." असला सौदा मला जमत नाही. हत्याराचे दोष कापायचे, माणसाच्या अडचणीचे आणे वेगळे कापायचे नाहीत. हा माझा नियम. तुमचा तुम्ही ठरवा.

आता हत्यार. हातात घेतलं की आधी उघडायचं. कानपूरचं .३२ मधोमध मोडतं. खटका दाबला की नळी खाली झुकते आणि सिलेंडरची सहा घरं समोर येतात. नुसतं बघून चालत नाही, सहाही घरांत करंगळीचं टोक घालायचं. दुकानदार म्हणेल रिकामं आहे. तरी घालायचं.

मग बिजागरी. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा जीव त्या बिजागरीत आणि वरच्या खटक्यात असतो. बंद करून एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने नळी धरा आणि वर-खाली, डावी-उजवी हलवून बघा. बोटांना ठकठक लागली की समजा घासलंय. अगदी बारीक हालचाल असेल तर एक आणा. डोळ्यांना फट उघडमीट होताना दिसत असेल तर आणे मोजू नका, ठेवून द्या. घरची पोरं सिनेमात बघून एका हाताने फटकन बंद करतात ना, त्याने हे होतं. हळू दोन हातांनी बंद करणाऱ्याचं हत्यार वीस वर्षांनीही घट्ट असतं.

माझ्या आवडीची जागा म्हणजे सिलेंडरचं तोंड आणि नळीचा मागचा भाग यांच्यातली फट. साधं फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा न्या. चार थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टी जावी, दहाची अडकावी. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.१ ते ०.२५. बाराची आरामात जात असेल तर गोळीमागचा वायू बाजूने जास्त निसटतो. दोन आणे गेले. सिलेंडर पुढे दाबून एकदा आणि मागे दाबून एकदा मोजा. दोन्हींतला फरक दोन-तीन थाऊचा असेल तर ठीक. पाच-सहाचा असेल तर सिलेंडर मागे-पुढे खेळतोय, म्हणजे पुढे खर्च आहे.

आता घरं जुळतात का. डमी काडतुसं घालून घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढायचा. घोडा अडकायच्या आधी सिलेंडर 'टक' करून जागेवर बसला पाहिजे. सहाही घरं एकेक करून बघा. पाच चांगली आणि एक आळशी असं हमखास सापडतं. चोपड्याच्या हत्यारात चौथं घर आळशी होतं. घोडा अडकला तरी सिलेंडर केसभर मागेच. मी पेन्सिलने खूण केली आणि दुकानदारालाच ओढून बघायला लावलं. दोन आणे. त्यानंतर चाप दाबून धरून ठेवा आणि सिलेंडर पिळून बघा. किंचित हलला तर चालतो, खुळखुळला तर नाही. शेवटी घोडा पूर्ण मागे ओढलेला असताना त्याला अंगठ्याने पुढे ढकला. चाप न दाबता तो सुटला, तर ते हत्यार धोक्याचं आहे. तिथे भाव करू नका.

नळीच्या मागच्या बाजूला पांढरा कागद धरून पुढून डोकवा. आटे धारदार दिसले पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे, आणि ते घासून जात नाहीत. आपल्याकडे हे फार सापडतात, त्याला दोन कारणं. एक, आचारसंहिता. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा आणि तिथे ते कापडात गुंडाळून पावसाळाभर पडलेलं. दुसरं, चामड्याचं कव्हर. लोक शोभेसाठी हत्यार त्यातच कपाटात ठेवतात आणि चामडं ओल धरून बसतं. भुसावळचं ऊन पंचेचाळीस डिग्री असलं तरी जुलैत कपाट कोरडं राहत नाही. चोपड्याच्या नळीत शेवटच्या इंचभरात ठिपके होते. दीड आणा.

बाहेरून मात्र ते चकाकत होतं, नव्यासारखं निळंशार. तिथेच मला शंका आली. चमक नवी आणि अक्षरांच्या कडा पुसट, म्हणजे घासून परत काळं केलेलं. स्क्रूच्या खाचा बघा. खाच फाटलेली असेल तर कुणीतरी घरच्या पेचकसाने आत डोकावलंय. इथे एक आणा.

मुठीच्या प्लेटीला चीर होती, त्याचा अर्धा. फायरिंग पिनचं टोक गोल आणि गुळगुळीत होतं, त्याचं काही नाही. शक्य असेल तर त्या हत्यारातून झाडलेल्या काडतुसाची पुंगळी दाखवायला सांगा. बुडावरच्या टिकलीला, म्हणजे पिन आपटते त्या प्रायमरला, ठोका मधोमध आहे का, कडेला सरकलाय का, पुंगळी एका बाजूला फुगलीय का, यातून मला हत्याराच्या निम्म्या गोष्टी कळतात. एकतीस वर्षं टिकल्याच बघितल्यात.

कव्हर आणि "सोबत सतरा राऊंड फुकट" याचा भावात एक पैसाही धरू नका. राऊंडवर हिरवट थर चढला होता. तसले मी हातात घेत नाही.

विलायती मालाचं गणित वेगळं. ऐंशीच्या दशकात खाजगी आयात बंद झाली, त्यामुळे जुनं वेब्ली, स्मिथ अँड वेसन, कोल्ट देशात आहे तेवढंच आहे आणि त्याचे भाव लाखांनी बोलतात. सोळा आण्यांचा हिशेब तिथे लागत नाही, ती हौस आहे. फक्त घर तपासा: काही जुनी .३२ रिव्हॉल्व्हरं आखूड काडतुसाची असतात, त्यात आजचं लांब .३२ बसतच नाही. आणि स्प्रिंग तुटली तर सुटा भाग कुठून आणणार, हे विकणाऱ्यालाच विचारा.

आता चोपड्याची बेरीज. वापरलेलं म्हणून दुकानाबाहेर पडल्याचे तीन आणे मी सरसकट कापतो, राहिले तेरा. चौथ्या घराचे दोन, नळीचा दीड, चमकेचा एक, मुठीचा अर्धा. पाच गेले, आठ उरले. पोराने साडेपंधरा मागितले होते. मी आठ म्हटल्यावर तो गप्प झाला. त्याच्या आईने घरून फोनवर विचारलं, काय म्हणतात? मी फोन घेतला आणि त्यांना एकेक दोष सांगितला, जसा इथे लिहिला तसा. चौथ्या घराची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडून करून घ्यायचा खर्च दुकानदाराने एका आण्याच्या आत सांगितला, म्हणून मी त्यातले दोनाचा एक केला. नऊवर सौदा झाला. साचलेलं भाडं त्यांच्याकडे.

भाचा परत येताना कुरकुरत होता. "मामा, आठालाच दिलं असतं त्यांनी." मी म्हटलं, दिलं असतं. यावलच्या फाट्यावर गाडी थांबवून त्याने मला भजी खाऊ घातली. पंचेचाळीस दिवस अजून संपायचे आहेत.