सरड्याची शी तपासायला देताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात आता बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको, इग्वाना असले परदेशी सरडे पाळणारी पोरं बरीच दिसायला लागलीत. टँक भारी, बल्ब भारी, सगळं एकदम झकास. पण जंतांची टेस्ट केली का विचारलं की उत्तर एकच, "खातोय की चांगला, कशाला टेस्ट?" पहिली गडबड इथंच आहे. सरडा आजार लपवतो, तो अंग टाकून पडेपर्यंत आत बरंच काही बिघडलेलं असतं. म्हणून नवीन आणला की पहिल्या काही दिवसांत आणि नंतर वर्षातून एकदा तरी शी तपासून घ्यायची, आजारी असो वा नसो. घरात आधीचा सरडा असेल तर नव्याला निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा, चिमटा आणि पाण्याची वाटीसुद्धा वेगळी.

आता सॅम्पल. बहुतेकांची गाडी इथंच अडते. शीत जो पांढरा खडूसारखा भाग असतो ना, तो युरेट, म्हणजे त्याची लघवी, लोक नेमकं तेच डबीत भरून देतात आणि मग रिपोर्ट निल, म्हणजे काही सापडलं नाही असा, आला की खूश होतात. तपासायचा असतो तो तपकिरी भाग. तोही ताजा पाहिजे, कारण पळणारे बारीक प्रोटोझोआ (एकपेशीय जीव) शी जुनी झाली की मरतात आणि मायक्रोस्कोपखाली मग काहीच सापडत नाही. शक्यतो काही तासांतच पोचवा, नाहीच जमलं तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, आणि 24 तासांच्या आत द्या (डबीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर घरात महाभारत होईल). वाळूतली किंवा कोकोपीटमधली शी उचलू नका, त्यात मातीतले किडेही येतात. आदल्या रात्री टँकमध्ये कालचा पुढारी पेपर अंथरा, सकाळी काम सोपं.

लॅबवाल्याला नुसतं "स्टूल टेस्ट" सांगून भागत नाही. ताज्या शीची स्लाइड आणि फ्लोटेशन, दोन्ही करायला सांगा. फ्लोटेशन म्हणजे मिठाच्या नाहीतर साखरेच्या घट्ट पाण्यात जंतांची अंडी वर तरंगतात आणि मग दिसतात. आणि एकदा निल आलं म्हणजे सुटलो असं नाही, अंडी रोजच्या रोज पडत नाहीत, शंका असेल तर परत द्या. लेपर्ड गेकोची शेपटी खाऊनपिऊनही बारीक होत चाललीय तर क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला सूक्ष्म परजीवी डोक्यात ठेवा, तो साध्या तपासणीत सहज निसटतो, त्याची पीसीआर (डीएनए शोधणारी टेस्ट) वेगळी मागावी लागते. त्यावर खात्रीचा इलाज नाही, म्हणून तर बाकीच्या गेकोंपासून लगेच वेगळं करायचं.

पॉझिटिव्ह आलं की लगेच औषध, ही पण घाईच. पिनवर्म (बारीक सुतासारखे जंत) थोडे असतील आणि सरडा धष्टपुष्ट असेल तर बरेच डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. कधीकधी तर खाल्लेल्या झुरळाच्या, क्रिकेट किड्याच्या पोटातलीच कीड शीत दिसते, सरड्याला काही झालेलंच नसतं. त्यामुळं रिपोर्ट सरडे बघणाऱ्या डॉक्टरलाच दाखवा.

सगळ्यात डेंजर प्रकार म्हणजे दुकानातून कुत्र्याचं जंताचं औषध नाहीतर पोल्ट्रीवाल्यांचं कॉक्सीचं (कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचं) औषध आणायचं आणि अंदाजानं थेंब पाजायचा. अरे भावा, मोठी लेपर्ड गेको पण 60-70 ग्रॅमची असते, तिला एक थेंब जास्त म्हणजे किती जास्त याचा विचार करा. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध तर कासवाच्या जिवावर बेततं, काही जातींच्या सरड्यांनाही झेपत नाही. डोस वजनावर ठरतो, तेव्हा ग्रॅम दाखवणारा किचनचा काटा घ्या आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवा.

औषध चालू असताना टँक तसाच ठेवला तर सगळं पाण्यात. बिअर्डेड ड्रॅगनच्या कॉक्सिडियाची अंडी शीतून पडतात, तो जमीन चाटतो आणि तेच परत पोटात. पेपर रोज बदला, लाकडी ओंडके काढून टाका, भांडी उकळत्या पाण्यानं धुवा. ब्लीचवर भरवसा ठेवू नका, ही अंडी त्याला दाद देत नाहीत. कोर्स संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी परत टेस्ट. आणि हे धुणं किचनच्या सिंकमध्ये नको, निरोगी सरड्याच्या शीतही साल्मोनेला (माणसाला जुलाब करणारा जंतू) असू शकतो, घरात पाच वर्षांच्या आतलं पोर असेल तर लैच जपा.

शेतातले किडे पकडून घालू नका, फवारणी आणि जंत दोन्ही फुकट येतात. राधानगरीकडनं काजवे तर चुकूनही आणू नका, अमेरिकेत काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत.

डॉक्टरचं म्हणाल तर आपल्याकडं म्हशी आणि कुत्री बघणारे पुष्कळ, सरडे बघणारा शोधावा लागतो, पुण्याला जायची वेळ येऊ शकते. आधी फोन करून "सरडा बघता का" हे स्पष्ट विचारा. हवेची भोकं असलेल्या डब्यात टॉवेल, बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, गाडीचा एसी बंद. मोबाईलमध्ये टँकचे आणि यूव्हीबी (अतिनील किरण देणाऱ्या) बल्बच्या खोक्याचे फोटो, तापमानाचे आकडे आणि ती वजनाची वही घेऊन जा. इग्वाना असेल तर परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवरच्या नोंदणीचा कागदही जवळ असू दे.