हॉलचा मिक्सर ऑनलाइन बैठकीला जोडताना: एको कुठून येतो आणि कसा घालवायचा

ऑगस्ट लागला की कोल्हापुरात वार्षिक सभांची घाई सुरू होते. सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असते, पुण्या-मुंबईचे सभासद ‘लिंक पाठवा’ म्हणतात, आणि सचिव साउंडवाल्याला सांगतात, ‘तेवढा लॅपटॉप जोडून दे.’ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत हेच वर्षभर चालतं, फक्त पलीकडे परदेशातला ग्राहक असतो. जोडणी होते, चित्र दिसतं आणि दुसऱ्या मिनिटाला पलीकडचा म्हणतो, ‘माझाच आवाज मला परत ऐकू येतोय.’ हॉलमधून ठरलेलं उत्तर जातं: ‘तुमच्याकडून म्यूट करा.’

हे साफ उलटं आहे. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो त्याच्याकडे काहीच बिघडलेलं नसतं. त्याचा आवाज तुमच्या हॉलमध्ये येऊन परत त्याच्याकडे चाललाय. दुरुस्ती तुमच्या मिक्सरवर करायची आहे, आणि महागडा माईक आणून ती होत नाही.

सोपी कामं आधी उरका. लॅपटॉपला वाय-फायऐवजी लॅनची वायर द्या. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, खिडकी कॅमेऱ्याच्या मागे येईल असा लावा. साधी एचडीएमआय केबल ७-८ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, तिथून पुढे कॅट-६ वरचा एक्स्टेंडर घ्या. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच. ‘टेबलावर गोल स्पीकरफोन ठेवा, झालं काम’ हा सल्ला सहा माणसांच्या केबिनला ठीक आहे. दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये तो खोक्यातून काढूच नका.

सामान: किमान एक ऑक्स सेंड (स्पीकरच्या मेनपासून वेगळं मिश्रण बाहेर काढण्याची सोय) असलेला मिक्सर, दोन इनपुट-दोन आउटपुटचा छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मिक्सर आणि लॅपटॉप यांच्यात आवाजाची ने-आण करणारा डबा), आणि हूं-हूं तोडण्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स. मिक्सरलाच यूएसबी आहे म्हणून इंटरफेसचे पैसे वाचवू नका. बऱ्याच छोट्या मिक्सरमध्ये यूएसबीवरून बाहेर जातो तो मेन आउटपुटच, म्हणजे स्पीकरवर जे वाजतं ते सगळं. त्यात पलीकडच्याचा आवाजही आला. म्हणजे एको वायरमध्येच तयार झाला, हॉलचा त्यात काही संबंधच नाही.

आता मुख्य काम. पलीकडच्याला हॉलमधलं सगळं गेलं पाहिजे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. प्रसारणवाले याला मिक्स-मायनस म्हणतात. जोडणी अशी: प्रत्येक माईकच्या चॅनेलवरची ऑक्स १ ची नॉब साधारण निम्म्याच्या थोडी पुढे उघडा. ऑक्स १ चं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या, माईक इनपुटला नाही. मिक्सरमधून निघणारा लाइन सिग्नल एक व्होल्टच्या आसपास असतो, माईकचा काही मिलिव्होल्ट. लाइनची वायर लॅपटॉपच्या हेडफोन-माईकच्या भोकात खुपसली की आवाज फाटतो, आणि मग दोष बिचाऱ्या इंटरनेटला. इंटरफेसचं आउटपुट मिक्सरच्या एका मोकळ्या स्टीरिओ चॅनेलला आणा. या चॅनेलची ऑक्स १ ची नॉब पूर्ण बंद, शून्यावर. सगळी मेख या एका नॉबमध्ये आहे. तिच्यावर लाल टेप मारा आणि वर पेनने ‘हात लावू नये’ लिहा, कारण सभा रंगात आल्यावर ‘पलीकडं ऐकू येत नाही’ म्हणत कुणीतरी दिसेल ती नॉब फिरवतोच.

ऑक्स प्री-फेडर (म्हणजे चॅनेलच्या सरकत्या नॉबच्या, फेडरच्या, आधी) ठेवायचा की पोस्ट (फेडरच्या नंतर)? पुस्तकी सल्ला प्रीचा असतो. संस्थेच्या सभेत पोस्टच ठेवा. प्रीमध्ये फेडर खाली ओढला तरी माईक ऑनलाइन चालूच राहतो, आणि अध्यक्ष शेजारच्या संचालकाच्या कानात जे बोलतात ते पुण्यापर्यंत पोचतं. हॉलचा आवाज कमी-जास्त करायचा तर सभेआधीच मास्टरवर करा, त्याने ऑक्सवर फरक पडत नाही.

झूम, मीट, टीम्स, जे असेल त्यात स्पीकर आणि माईक दोन्हीला तोच इंटरफेस निवडा. एचडीएमआय लावली की विंडोज पुष्कळदा आवाज परस्पर टीव्हीकडे वळवतं. साउंड सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीचं आउटपुट डिसेबल करून टाका.

इथवर वायरमधला रस्ता बंद झाला. हवेतला उरतो: स्पीकरमधून निघालेला पलीकडचा आवाज हॉलच्या माईकमध्ये शिरतो. तो काढणं ॲपमधल्या एको कॅन्सलरचं काम. हे तंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठी घडलं. भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी यांचा त्यावरचा गाजलेला निबंध १९६७ चा. कल्पना सरळ आहे: स्पीकरला काय पाठवलं ते कॅन्सलरला माहीत असतं. तोच आवाज हॉलमधून फिरून माईकवर कसा पोचतो याचा तो अंदाज बांधतो आणि तेवढा वजा करतो. वजाबाकी जुळायची तर मधला रस्ता स्थिर आणि स्वच्छ हवा. लोक नेमका तोच बिघडवतात.

सगळ्यात जास्त घोळ मिक्सरच्या इफेक्टचा. आदल्या संध्याकाळी त्याच हॉलमध्ये भजन किंवा ऑर्केस्ट्रा झालेला असतो आणि डिले-रिव्हर्बची (आवाज घुमवण्याची) नॉब तशीच वर राहिलेली असते. बैठकीला इफेक्ट शून्यावर. दुसरं, ॲम्प्लिफायरचा लाल क्लिप दिवा. तो लुकलुकला म्हणजे आवाज फाटतोय, आणि फाटलेल्या आवाजाचा हिशोब कॅन्सलरला लागत नाही. तिसरं, ब्लूटूथ स्पीकर. त्याच्या उशिरामुळे अंदाज चुकतो, म्हणून तो या कामात नकोच. चौथं, माईक-स्पीकरची शिट्टी घालवणारं यंत्र म्हणून विकला जाणारा फ्रिक्वेन्सी शिफ्टर. तो आवाजाची पट्टी किंचित सरकवून शिट्टी टाळतो खरा, पण त्यामुळे कॅन्सलरला माहीत असलेला आवाज आणि माईकवर आलेला आवाज एकच राहत नाही. शिफ्ट बंद करा, शिट्टीची जागा इक्वलायझरवर दाबा. पाचवं, दोन कॅन्सलर एकामागोमाग. डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारा डबा) किंवा कॉन्फरन्स माईक स्वतः एको काढत असेल तर एकच चालू ठेवा. पहिल्याने सतत बदललेल्या सिग्नलवर दुसरा काही शिकू शकत नाही, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

एकदा लावलेला मास्टर आणि ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम सभा संपेपर्यंत हलवू नका. दर वेळी हलवला की कॅन्सलरला अंदाज नव्याने बांधावा लागतो, आणि तेवढा वेळ पलीकडे एको जातो.

माईकची शिस्त ही कॅन्सलरची निम्मी मेहनत वाचवते. तोंड ते माईक १५-२० सेंटिमीटर. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डीबी (डेसिबल) वाढतो, मिक्सरवर माईकचा गेन वाढवून शिट्टी ओढवून घेण्यापेक्षा माईक जवळ ओढणं केव्हाही बरं. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची मोकळीक ३ डीबीने घटते. सहाच्या सहा उघडे ठेवले तर एकाच्या तुलनेत सुमारे ८ डीबी गेले. बोलणाऱ्याचा एक आणि अध्यक्षांचा एक, बाकी खाली. स्पीकर माईकच्या रांगेच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. हॉलमध्ये जुना कर्णा असेल तर तो बंद करा, तो मैदानासाठी असतो. गुळगुळीत फरशी आणि काचांचा हॉल घुमतो, तिथे मागच्या भिंतीला जाड पडदे लावल्याचा उपयोग कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा जास्त.

इंटरफेसवर बोलण्याची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, लाल दिवा कधीच नको. ॲपमधलं नॉइज सप्रेशन ‘लो’वर. ‘हाय’वर ठेवलं तर पत्र्यावरच्या पावसाचा आवाज जातो खरा, पण मागच्या रांगेतून उठलेल्या सभासदाचा प्रश्नही पावसाबरोबर वाहून जातो. आणि ‘मंजूर, मंजूर’चा गजर पलीकडे तुकड्या-तुकड्यांत पोचणारच. अनेक जण एकदम ओरडले की कुठलाही कॅन्सलर हात टेकतो, तेव्हा ऑनलाइन मतदान चॅटमध्ये किंवा पोलमध्ये घ्या.

चाचणी हॉलमध्ये बसून करू नका, नुसती शिट्टी वाजेल. एकाला मोबाइल डेटावर बैठकीत घेऊन खाली रस्त्यावर पाठवा आणि एक ते दहा मोजायला सांगा. त्याला स्वतःचा आवाज आला तर सगळे माईक फेडर खाली ओढा. तरीही येतोय? मग दोष वायरमध्ये: लाल टेपची नॉब, यूएसबीचा मेन, नाहीतर इंटरफेसचा लूपबॅक (लॅपटॉपचा आवाज त्यालाच परत देण्याची सोय) चालू आहे. फेडर ओढताच थांबला तर हवेतला रस्ता: हॉलचा आवाज कमी करा, स्पीकर फिरवा. मग दोघांनी एकाच वेळी बोलून बघा. बाहेरच्याला हॉलचा आवाज तुटक येत असेल तर हॉलचा व्हॉल्यूम अजून जास्त आहे.

सतत ‘हूंऽऽ’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढा. गेला, म्हणजे अर्थिंगचा फेरा आहे: इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, आणि लॅपटॉप-मिक्सर-ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर घ्या. प्लगची अर्थची पिन मोडण्याचा सल्ला देणाऱ्याला हॉलबाहेर काढा. पावसाळ्यात ओल्या हातांनी स्टीलचा माईक धरणारा माणूस त्या पिनेच्या भरवशावर उभा असतो.

टीव्ही-प्रोजेक्टर एका बटणावर चालावेत असं वाटत असेल तर टचपॅनेलच्या कोटेशनआधी कागदावर लिहा: रोज नेमकी कोणती बटणं लागतात? चालू, बंद, इनपुट, व्हॉल्यूम, म्यूट. एवढंच असेल तर टीव्हीतलं एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय केबलवरूनच चालू-बंदची आज्ञा देण्याची सोय) चालू करून बघा. प्रोजेक्टर लॅनवर असेल तर पीजेलिंक (नेटवर्कवरून प्रोजेक्टर चालवण्याची सामायिक पद्धत) वापरा, ते टीसीपी पोर्ट ४३५२ वर चालतं आणि प्रोजेक्टर चालू झाला की नाही हेही परत कळवतं. इन्फ्रारेड काही कळवत नाही. शिवाय रिमोटचं चालू-बंदचं बटण एकच असेल तर एकदा क्रम चुकला की सिस्टिम ‘चालू’ म्हणते आणि प्रोजेक्टर बंद होतो. चालू आणि बंदचे वेगळे कोड मिळत असतील तरच इन्फ्रारेड घ्या. दिव्याचा प्रोजेक्टर गरम किंवा थंड होत असताना कमांड ऐकत नाही, दोन कमांडमध्ये मिनिटभर ठेवा.

वीज जाऊन आली तर आधी मिक्सर, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना उलटं, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन आवाज होतो. इंटरफेसची वीज मधे तुटली असेल तर ॲप गुपचूप लॅपटॉपच्या अंगच्या माईकवर गेलेलं असतं. हॉलमध्ये सगळं छान वाजत राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लॅपटॉप आणि इंटरफेस यूपीएसवर घ्या, आणि तरीही वीज आल्यावर ॲपमधलं माईकचं नाव पुन्हा वाचून मगच सभा पुढे न्या.